हात कुणी हलवला?

हॉल गच्च भरला होता आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या बाबांच्या उजव्या हातावर होत्या. लकवा मारल्यापासून चार महिने तो जवळजवळ लोंबतच होता. लकवा बरा करतो म्हणणाऱ्या स्वामींनी बाबांच्या डोक्यावर तांब्याचा मुकुट चढवला आणि हातावर, कोपराच्या खाली, वायरी लावलेल्या दोन ओल्या पट्ट्या चिकटवल्या.

"डॉक्टर मेंदूचं दार ठोठावत बसतात," स्वामी माईकवर म्हणाले, "आपण खिडकीतून शिरतो."

शिरा एकदाचे, म्हटलं मी.

बाबांची बोटं फाडकन उघडली. लोक रडायला लागले. मीपण रडले. वर्गात बाईंशी भांडून शाळा सोडलेली, मला कोण फसवणार अशा गुर्मीत फिरणारी मी.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचं दवाखान्यात जाणं मीच बंद केलं. तिथे बाबांना आधी गोळी द्यायचे, मग डोक्यावर चुंबकाची कॉइल धरायचे आणि लगेच तासभर बटणं उचलायला लावायचे. फिजिओ मॅडम म्हणायच्या, "गोळी आणि कॉइलने मेंदू शिकायला तयार होईल असं वाटतंय. शिकायचं मात्र बटणांवरच. प्रयोग आहे, खात्री देत नाही."

महिनाभरात बाबांनी कसंबसं एक बटण चिमटीत धरलं होतं. बाबा शिंपी. हात गेला की सगळं गेलं. मला घाई झाली होती.

तीन आठवड्यांनी मॅडम आमच्या दुकानात आल्या. मी ऐटीत सगळं सांगितलं.

"पट्ट्या इथे होत्या ना?" म्हणत त्यांनी पिशवीतून छोटा डबा काढला आणि तसल्याच दोन पट्ट्या माझ्या हाताला चिकटवल्या. "आता मूठ घट्ट मीट."

मॅडमनी डब्याची कळ फिरवली. माझी बोटं आपोआप उघडली.

"तू उघडलीस?"

"नाही."

"करंटने स्नायू ओढला. मुकुट नसता तरी ओढलाच असता. हे यंत्र आम्हीही वापरतो गं, पण पेशंटने स्वतः जोर लावायचा असतो. तेवढ्यावर दवाखाना सोडत नाहीत."

मी बाबांकडे बघितलं. ते कापडाकडे बघत होते.

"मला तिथेच कळलं होतं," ते अडखळत म्हणाले. "हात मी हलवलाच नव्हता. पण तू इतक्या दिवसांनी हसत होतीस, पोरी."

माझी मान वर होईना.

बाबा परत दवाखान्यात जातात. ते बटण अजून चिमटीत येत नाही. मधले तीन आठवडे बुडाले म्हणून, की नाहीतरी परत येणारच नव्हतं, ते मॅडमनाही सांगता येत नाही.

कुठे असा चमत्कार दिसला तर टाळ्या नंतर वाजवा. आधी त्या माणसाला एकट्याला गाठून विचारा, हात तू हलवलास का? मी बाबांना विचारलंच नव्हतं.