न पेटणारा तक्ता

बाबांनी तक्ता डाव्या हातात उभा धरला, मागच्या बाजूला तळवा सपाट टेकवला आणि उजव्या हाताने बत्तीची निळी ज्योत पुढून लावली. समोर बसलेल्या आर्किटेक्ट बाईंनी नकळत खुर्ची मागे सरकवली.

“घाबरू नका,” बाबा म्हणाले. “हात माझाच आहे, भाड्याने आणलेला नाही.”

हा विनोद लेकीला पाठ होता. ती शेडच्या कोपऱ्यात स्टोव्हवर चहा ठेवून उभी होती. सुतारांकडून गोळा केलेला भुसा आणि रंध्याचा कीस दाबून केलेला तो जाड तक्ता. भिंतीच्या पोटात किंवा छताखाली बसवला की बाहेरचा ताप बाहेर राहायचा आणि आतली ऊब आत. पुढची बाजू काळी पडली, थोडा धूर निघाला, पण बत्ती बाजूला होताच आग जागच्या जागी विझली. बाबांनी तळवा फिरवून दाखवला.

बाईंनी तक्ता उलटसुलट करून पाहिला. लाकडाचे असले तक्ते एकतर कागदासारखे पेटतात, नाहीतर त्यांत नको नको ती रसायनं कोंबलेली असतात, त्या म्हणाल्या. हे जमवलं कुणी?

बाबा जराही अडखळले नाहीत.

“आमच्या चिरंजीवांचं डोकं.”

चहा उतू गेला.

चिरंजीव बँकेत होते आणि शेडमध्ये पाऊल टाकलं की शिंकायचे. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, गरम पाण्यात विरघळवून दाबण्याआधी भुशात मुरवायचा, हे लेकीने शोधलं होतं. दिवसभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं आणि घरी येऊन गॅसवर तुकडे जाळायचे. खार कमी पडला की तुकडा भडकायचा, जास्त झाला की हातातच त्याचा चुरा व्हायचा. बाबा शेजारी स्टूल टाकून प्रत्येक तुकड्याला नावं ठेवायचे. आणि पहिला तुकडा विझला तेव्हा त्यांनीच खिडकी सताड उघडून शेजाऱ्यांना हाका मारल्या होत्या.

तिने पातेलं पुसून कप भरले आणि बाईंसमोर ठेवले.

“ही आमची लेक. प्राध्यापक आहे, पण चहा फक्कड करते.”

बाई हसल्या. तीही हसली. बाई गेल्यावर ती कप विसळत राहिली. बाबा बराच वेळ कुलपाशी खटपट करत होते. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले की मुलाचं नाव घेतलं की लोकांना धंदा पुढे चालेल असं वाटतं. ती ‘बरं’ म्हणाली. उद्या बोलू, असं तिने ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गालावर दाढीचा साबण तसाच असताना, बाबा गेले.

भेटायला येणारा जो तो त्यांचे गोडवे गाई. सरळ माणूस, देवमाणूस. ती पाण्याचे पेले पुढे करी. रडू येत नव्हतं. दाढा आवळून आवळून जबडा मात्र ठणकत होता. जिवंत माणसाशी भांडता येतं, अबोला धरता येतो. या माणसाने तीही सोय ठेवली नव्हती.

घरातली गर्दी ओसरल्यावर ती शेडवर गेली. ओला भुसा रचून ठेवला तर आतून तापत जातो, रोज परतावा लागतो. तेवढं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. ढिगाच्या माथ्यावरून वाफ निघत होती. अंगावर होते त्या कपड्यांतच तिने फावडं उचललं आणि ढीग फोडायला लागली. भुसा केसांत गेला, डोळ्यांत गेला. ती थांबली नाही.

धाकटा भाऊ नाकाला रुमाल लावून दारात उभा राहिला. बाईंचा फोन येऊन गेला होता. एका मोठ्या शाळेच्या सगळ्या छतांना आपलेच तक्ते हवेत म्हणाल्या, आणि काम सुरू करण्याआधी त्याला समक्ष भेटायचं आहे.

“ताई, तो खार कसा घालायचा ते मला चार ओळींत लिहून दे ना. पाठ करून जातो.”

फावडं थांबलं.

“तू जाऊन सांगणार, की हे तू केलंस?”

“मी कुठे सांगतोय? बाबांनीच सांगून ठेवलंय. आता गेलेल्या माणसाला खोटं पाडायचं का?”

त्याचे डोळे सुजलेले होते. तो लबाड नव्हता. बाबांचा शब्द राखायला निघाला होता. त्यानेच तिच्या अंगाचा अधिक तिळपापड झाला.

“फोन लाव,” ती म्हणाली.

त्याला वाटलं, भेटीची वेळ ठरवायची असेल. त्याने फोन लावून तिच्या हातात दिला. मी त्यांची मुलगी बोलतेय, असं तिने सांगताच पलीकडून बाई हळहळल्या. त्या खरोखर हळहळत होत्या.

“असा माणूस आता मिळायचा नाही हो. भेट एकदाच झाली, पण एक शब्द खोटं बोलले नाहीत.”

समोर भाऊ मान हलवून नको, नको म्हणत होता.

“बोलले,” ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. “तुमच्याशीच बोलले. तो तक्ता मी केलाय. आणि बाबांना ते माहीत होतं.”