सूपनंतर जन्मलेला मार्की

यंदाच्या जत्रेत पहिलं खरबूज तिबोने कापलं. झालं, सांगून टाकलं. आता हे विसरून जाऊ या, कारण असं काही घडलेलंच नाही, असं गास्पारचं ठाम म्हणणं आहे. आणि गोष्ट गास्पारची आहे.

गास्पार आणि तिबो जुळे. वडील फ्रान्समधल्या मोंब्रियाक गावचे मार्की, म्हणजे सरदार. राजाने दिलेली जमीन कधीच गेली होती, गढीही गेली होती. उरला होता नुसता किताब, आणि किताबाला चिकटून आलेला एकच मान: जत्रेच्या रविवारी चर्चसमोरच्या चौकात हंगामातलं पहिलं खरबूज मार्कीने एका घावात कापायचं.

तिबो जन्मला तेव्हा घरात सूप वाढायचं होतं. गास्पार आला तेव्हा सूप संपलं होतं. म्हणून गास्पार थोरला. पोटात जो आधी गेला तो तळाशी बसला, तेव्हा तो शेवटीच निघणार, हे तिथल्या जुन्या माणसांचं गणित. एर्मलीन आत्या तर तळघराकडे बोट दाखवून विचारायची, “आधी ठेवलेलं पिंप कधी आधी बाहेर निघतं का रे?”

निघत नसे. त्यामुळे बदकाची तंगडी आधी गास्पारच्या ताटात, दारातून आधी गास्पार, आणि घाव घालायचा सरावही गास्पारलाच. भोपळ्यांवर. सारं बालपण, सारी जवानी त्याने भोपळे कापले. या वसंतात वडील गेले. गास्पार अगदी मनापासून रडला, आणि मग सुरीला धार लावून आणली.

जत्रेच्या आठवड्यात नोटरीबाई घरी आल्या. त्यांनी जन्मदाखले पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

“थोरले तिबो,” त्या म्हणाल्या.

“थोरला मी,” गास्पार म्हणाला. “तो फक्त आधी जन्मलाय.”

“कायद्यात त्यालाच थोरला म्हणतात.”

“कायद्याला काय कळतंय आतलं?” आत्या कडाडली. “कायदा होता का आत?”

तिबो कोपऱ्यात स्वतःच्या शेळ्यांच्या दुधाचं चीज खात बसला होता. तो म्हणाला, “मला नको बाबा मार्कीपण. खरबुजाने माझ्या घशाला खाज सुटते. देऊन टाका त्याला.”

“देता येत नाही,” नोटरीबाई म्हणाल्या. “विकता येत नाही, नाकारता येत नाही. मरेपर्यंत सुटत नाही.”

“म्हणजे आमच्या आत्यासारखं.”

“गप्प बस, मेल्या!”

गास्पारला अजून आशा होती. तो मेयरकडे गेला. मेयर कम्युनिस्ट. किताब त्याला मान्य नव्हते. खरबूज मान्य होतं, कारण पहिली फोड मेयरला मिळे.

“हे बघ गास्पार,” मेयर म्हणाला, “क्रांतीनंतर आपण सगळे समान. तेव्हा खरबूज कोणीही कापलेलं चालेल.”

“मग मी कापतो!”

“पण मार्की म्हणून कापायचं असेल, तर मार्कीच हवा. समानतेत गडबड चालत नाही.”

गास्पार घरी आला तो थेट नोटरीबाईंसमोर बसला. त्या अजून तिथेच होत्या, कारण आत्याने चीज आणि वाइन पुढे केली होती.

“बाई, मला हा किताब मिळायला नक्की काय व्हावं लागेल?”

“तिबो निपुत्रिक वारले पाहिजेत.”

सगळ्यांनी तिबोकडे पाहिलं. तिबोने चिजाचा आणखी एक तुकडा कापला.

“निपुत्रिक तर तो आहेच,” आत्या म्हणाली. “अर्धं काम झालंय.”

“तब्येत कशी आहे रे तुझी?” गास्पारने विचारलं.

“एकदम ठणठणीत.”

“हं.” गास्पार खिन्न झाला. “परवा खोकत होतास ना?”

“तो बोकड होता.”

“तिबो, अरे आपण एकाच पोटातले. माझ्यासाठी एवढंही करणार नाहीस? थोडंसं मर की. रविवारपुरतं.”

तिबोने खरंच विचार केला. त्याचा भावावर जीव होता. तंगडी आपल्या ताटात नंतर पडली याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. भोपळ्याच्या बिया केसांत घेऊन फिरणारा गास्पार त्याने जन्मभर पाहिला होता.

“किती वाजेपर्यंत?” त्याने विचारलं.

“जेवायला सोडतो.”

“मग माझी ना नाही.”

नोटरीबाई म्हणाल्या की कायद्यात अशी तरतूद नाही. आत्या म्हणाली की कायद्यात नसेल, पण कुणी कधी मागितली तरी होती का? हे गास्पारला पटलं. त्याने जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारली, कोरा कागद घेतला, आणि त्याच दुपारी पॅरिसला अर्ज रवाना झाला:

“माननीय न्यायमंत्री महोदय यांचे सेवेशी. विषय: बंधूचे तात्पुरते निधन. अर्जदार सविनय सादर करतो की, उक्त तिबो यांस येत्या रविवारी चर्चमधील प्रार्थना संपल्यापासून दुपारच्या भोजनापर्यंत सरकारदप्तरी मयत समजावे, व भोजन वाढताच कोणताही विलंब न लावता पूर्ववत हयात करावे. उक्त तिबो यांची यास लेखी संमती आहे. सदर मृत्यूच्या कालावधीत त्यांच्या शेळ्यांना चारापाणी करण्याकरिता मंत्रालयाने आपल्याकडील एक जबाबदार अधिकारी सकाळीच पाठवावा, ही नम्र विनंती.”