काशीला सोडलेलं दूध

दुर्गेशने दूध सोडलं. दही, तूप, लोणी, पनीर, सगळंच सोडलं. पण लोकांनी मात्र त्याची पाठ सोडली नाही.

तो बोरगाव मेघेला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि रोज एसटीने समुद्रपूरला एका पतसंस्थेत कामाला जायचा. म्हणजे एक जेवण घरचं आणि बाकी सगळं खाणंपिणं लोकांच्या भरवशावर. हॉटेलात त्याने "दूध, दही, तूप, काहीच नको" असं सांगितलं की वेटर समजूतदारपणे मान डोलवायचा, आत जायचा आणि परत येऊन विचारायचा, "पनीर तं चालन ना? पनीरमंदी दूध नाई रायत."

लग्नाच्या पंगतीत तर विचारूच नका. 'नको' हा शब्द आपल्याकडे भुकेल्या पाहुण्याने लाजून म्हणायचा असतो, आणि वाढप्याने तो ऐकून दुप्पट वाढायचं असतं. दुर्गेश ताटावर हात धरायचा, वाढपी हातावर तूप ओतायचा. एकदा त्याने धीर करून सांगितलं की आपण व्हेगन आहोत. शेजारच्या काकांनी हळूच विचारलं, "कधी निघालं हे? नागपूरले दाखवलं काय?"

मग तो युक्त्या करू लागला. उपवास आहे म्हणून पाहिलं, तर यजमानीणबाई कळवळल्या आणि पेलाभर दूध साखर घालून घेऊन आल्या. दाढ दुखते म्हणाला, तर दहीभात आला. शेवटी तो कार्यक्रमांना जेवून जाऊ लागला, आणि गावभर झालं की पोट्टा मोठा गर्विष्ठ आहे, कोणाच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही.

सुटका झाली ती समुद्रपूरला, सोबत काम करणाऱ्या कैलासच्या घरी. बारसं होतं. कैलासची आई शोभाबाई बासुंदीची वाटी घेऊन दुर्गेशसमोर उभी राहिली ती हलेचना. "माह्या नातवाच्या बारशाची बासुंदी नाई म्हणून राह्यला? काऊन?" बायका बघू लागल्या. दुर्गेशच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, दूध मी काशीले सोडलं."

शोभाबाईंचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी वाटी मागे घेतली, पदर डोक्यावर घेतला आणि आत जाऊन स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी कोरा चहा केला.

काशीला गेलेल्या माणसाने आवडीची एक वस्तू तिथे कायमची सोडून यायची, हे सगळ्यांनाच ठाऊक. म्हणून तर आपल्याकडची शहाणी माणसं काशीला कारलं सोडतात. कोणी दोडका सोडतं. विश्वनाथाच्या दारात आजवर किती कारली जमली असतील याचा हिशेब त्यालाच माहीत. आणि इथे एक तिशीतलं पोरगं दूधदुभतं सोडून आलं होतं! दया, आरोग्य, पृथ्वीचं तापमान, इतकं सगळं समजावून जे दोन वर्षांत जमलं नव्हतं, ते एका थापेने दोन मिनिटांत जमलं.

त्यानंतर दुर्गेशचे दिवस पालटले. ढाब्यावर "काशीले सोडलं" म्हटलं की आचारी कढई धुऊन तेलात भाजी करायचा. पंगतीत त्याच्यासाठी वेगळी भाजी यायची, आणि ती बहुतेक वेळा कारल्याची असायची. एसटीतल्या म्हाताऱ्या खिडकीची जागा द्यायच्या. घरमालक भैय्याजींनी तर मोहल्लाभर कौतुक केलं. "आपल्या घरी तपस्वी राह्यते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. तपस्वी गुपचूप खोलीत शेंगदाणे चावत बसायचा.

भैय्याजींना खरं सांगायची सोयच नव्हती. दुर्गेशचं दूध सुटलं होतं ते भैय्याजींच्याच गोठ्यात. त्यांच्या म्हशीला हेला, म्हणजे नर पारडू, झाला. हेल्याचा कोणाला काय उपयोग? त्याच्या वाट्याला दूध आलं नाही आणि तो महिन्याभरात मेला. म्हैस पान्हा चोरू लागली, तेव्हा भैय्याजींनी त्याचं कातडं काढून त्यात कुटार, म्हणजे भुसा, भरलं आणि धार काढताना ते म्हशीपुढे उभं केलं. म्हैस ते चाटत राहिली आणि बादली भरत राहिली. दुर्गेशने हे पाहिलं त्या दिवशी हातातला चहाचा कप खाली ठेवला. पण सांगणार कोणाला? मालकाच्या गोठ्याबद्दल बोलायचं आणि मालकाच्याच खोलीत राहायचं, एवढी हिंमत त्याच्यात नव्हती. त्यापेक्षा काशी बरी.

अशात काजलशी लग्नाचं जमत आलं. काजल रोहण्याची, आर्वीला शाळेत शिकवणारी. वर्ध्याच्या एका लग्नात जिलेबी तुपातली की तेलातली, हे विचारायला थेट आचाऱ्याच्या भट्टीपर्यंत गेलेला पाहुणा पाहून ती हसत सुटली होती, आणि ते हसू पुढे वर्षभर फोनवर चाललं. दुर्गेशला ती हवी होती. इतकी हवी होती की बाकी काही नाही मिळालं तरी चाललं असतं. आता फक्त तिच्या घरचा होकार उरला होता. वडील ओमप्रकाश भले माणूस, पण त्या घरात होकार द्यायचा तो त्यांच्या आईने, आनंदाबाईंनी.

"आजी खूश हाय," काजलने फोनवर सांगितलं. "तुही काशी रोहण्यापर्यंत पोचली. पण दुर्गेश, मी तुले सांगून ठेवते, हे अंगावर येईन."

"माणसं मान देतात, अंगावर कशाला येईन?" तो म्हणाला. त्याची छाती त्या दिवसांत जरा फुगलेलीच होती.

दुर्गेशला आईवडील नव्हते, म्हणून वडीलकीने भैय्याजी सोबत आले. रोहण्याला स्वागत झालं ते पाहण्यासारखं. दुर्गेशपुढे न सांगता कोरा चहा आणि तेलातले पोहे. भैय्याजी त्याच्या तपाचं वर्णन करत होते. आनंदाबाई बाजेवर बसून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "काशीले कोणासंग गेलता?"

"एकटाच, आजी."

"काय मागतलं देवाले?"

"काहीच नाही," दुर्गेश नम्रपणे म्हणाला. या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळणार अशी त्याची खात्री होती.

आनंदाबाईंनी मान हलवली आणि मुलाकडे वळल्या. "ओमप्रकाश, पोरगं देवमाणूस हाय. पण पोरगी नाई द्यायची."

"काऊन, माय?"

"अरे, आपण बुढे लोक कारलं सोडतो. या वयात एकट्यानं जाऊन यानं दूधतूप सोडलं, अन् मागतलं काहीच नाई. याचं मन संसारात कुठं हाय? आज दूध सोडलं, उद्या माही नात सोडन."

ओमप्रकाशांनी मान खाली घातली. भैय्याजी गडबडले आणि त्यांनी तपाचं वर्णन आणखी रंगवलं, त्याने तर काम पुरतंच बिघडलं. स्वयंपाकघराच्या दारात काजल उभी होती. ती रडत नव्हती, ती दुर्गेशकडे बघत होती. सांगितलं होतं ना, असं त्या बघण्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. समोर काजल होती, बाजूला घरमालक होता, आणि काशी हजारभर किलोमीटर दूर.

"आजी, मी काशीले गेलोच नाही," तो म्हणाला. "खोटं बोललो. पंगतीत लोक ऐकत नव्हते म्हणून."

"मंग दूध काऊन सोडलं?"

त्याने भैय्याजींकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे पाहत सगळं सांगितलं. हेला, कातडं, कुटार, चाटणारी म्हैस. सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. मेलेल्या मुक्या जिवाला त्याने इतके दिवस काशीच्या मागे लपवून ठेवलं होतं. भैय्याजी उठून अंगणात गेले आणि तिथल्या लिंबाचं निरीक्षण करू लागले.

आनंदाबाई आपल्या हातांकडे पाहत होत्या. "आमच्या घरी बी भरत होतो कुटार," त्या म्हणाल्या. "टाके मीच घालो. माही म्हैस बी चाटे."

मग त्यांनी नाक शिंकरलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पोटासाठी इतकं साफ खोटं बोलते म्हणजे संसारात पक्का हाय. पोरी, गुळाचा खडा आण."

काजलने गूळ आणला. दुर्गेशच्या हातावर ठेवताना ती त्याला ऐकू जाईल इतकंच म्हणाली, "तपस्वी!"

पुढच्याच महिन्यात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला. खरं काय ते चार माणसांना कळलं होतं, आणि ते ऐकण्याची बाकीच्यांना गरज नव्हती. रोहण्यात जावई अजूनही काशीकरच होता. बायका येऊन त्याच्या पाया पडत होत्या आणि तो ओशाळून पाय मागे घेत होता, त्याने त्याचं तेज आणखीच वाढत होतं. भैय्याजी मात्र आले नाहीत. दुर्गेशने तोवर खोली बदलली होती.

पंगत बसली. वाढपी कढीची बादली घेऊन आनंदाबाईंपाशी आला. त्यांनी ताटावर हात धरला.

"घ्या ना आजी, ताज्या ताकाची हाय."

"नको. दूधदुभतं मी काशीले सोडलं."

वाढपी गावातलाच होता. तो चक्रावला. "आजी, तुम्ही तं कारलं सोडलं होतं ना?"

"ते वापस घेतलं," आनंदाबाई म्हणाल्या.

वाढप्याने आदराने मान तुकवली आणि दुर्गेशसाठी आणलेल्या भाजीतलं दोन डाव कारलं त्यांच्या ताटात घातलं. आनंदाबाईंना कारलं जन्मात आवडलं नव्हतं. तोंड वाकडं करत, दुर्गेशकडे रागाने बघत, त्यांनी ते सगळं संपवलं.