हॅलम साहेबाचं पिंप

हॅलम साहेब मेला, मडम विलायतेला गेली आणि पावस गावच्या वाटेवरचा त्यांचा बंगला खोतांनी घेतला. साहेबाला तिथं द्राक्षं पिकवून दारू करायची हौस होती. कोकणच्या पावसात वेल कुजले, तेव्हा त्यानं जांभळाची दारू काढायला घेतली. ती म्हणे बोटीनं पार विलायतेला जायची. खोतांनी साहेबाचं सामान होतं तसंच मांडून ठेवलं आणि दर रविवारी लोकांना बघायला बंगला उघडला.

गोदाच्या मनात तो बघायचं फार होतं. तिचा नवरा लवू टाळत होता. "त्यात काय बघायचंय? मी तिथं राबलोय," म्हणायचा. पण गोदानं हट्टच धरला. शेवटी निघाली सगळी. पोराला कडेवर घ्यायला मोठ्या जावेला, राहीला, बरोबर घेतलं.

यायचंय का, असं राहीला कोणी विचारलं नव्हतं. ती चोराची बायको. तिचा नवरा धाकू लवूबरोबर त्याच बंगल्यावर कामाला होता. साहेबाचे चांदीचे चमचे घेऊन तो मुंबईला पळाला, असा एक दिवस निरोप आला. त्याला आठ-नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती दिराच्या घरी उष्टी काढत होती. आधी तिनं वाट पाहिली. मग वडाला दोरा गुंडाळणं सोडलं. "सात जन्म कशाला? मेल्याचा हा एकच पुरे झाला," म्हणाली, आणि पुढं रोज चूल पेटवताना त्याला शिव्या घालू लागली.

बंगला दाखवायला साहेबाचा जुना बटलर धोंडू होता. साहेबाचाच कोट अंगात घालून तो लोकांना खोल्याखोल्यांतून फिरवत होता. मडमेचा पियानो झाला, वाघाचं कातडं झालं, मग त्यानं सगळ्यांना तळघरात नेलं. तिथं विहिरीएवढं लाकडी पिंप होतं.

"आता खरी गंमत ऐका," धोंडू म्हणाला. "रस आंबला की ह्यात वाईट हवा साचते. दिसत नाही, पण माणूस आत उतरला की खलास. साहेबाला ठाऊक होतं. पण बोट चुकेल म्हणून त्यानं दोघांना घासायला उतरवलंच. एक देवरूखकडचा, दुसरा इथलाच, धाकू. ओरडायलासुद्धा सवड मिळाली नाही. बेडकासारखे उताणे!"

एकदोघं हसले.

"बभ्रा झाला तर कामाला कोण येणार? म्हणून मागल्या बाजूला पुरले आणि गावात सांगितलं, चमचे चोरून पळाले. चमचे वर कपाटात आहेत, बघितलेत ना? एकही कमी नाही." बोलता बोलता त्याची नजर मागं गेली. "अरे, लवू! तूच ना फास टाकून ओढलंस त्यांना वर? सांग की, खोटं बोलतोय का मी?"

राहीनं कडेवरचं पोर खाली ठेवलं.

"भावोजी, हा काय म्हणतो?"

"वयनी, साहेबानं शपथ घातली होती. बोललो असतो तर काम गेलं असतं."

"साहेब मरून किती दिवस झाले."

"मग सांगून काय होणार होतं? तू माहेरी निघून गेली असतीस. गोदेला एकटीला घर झेपत नव्हतं."

गोदानं त्याची बाही ओढली. "चला, लोक बघतायत."

राही धोंडूकडं वळली. "कुठं पुरलं?"

"तिथं आता खोतांचा गोठा आहे," धोंडूनं हौसेनं हात करून दाखवला.

गोठ्यात दोन म्हशी रवंथ करत होत्या. राही शेणामुतात तशीच खाली बसली. घातलेल्या शिव्या एकेक करून तिला आठवत होत्या. एकही विसरली नव्हती. ओल्या भुईवर तळवा टेकून ती म्हणाली, "मला कोणी सांगितलंच नाही रे."

लवू दारात येऊन उभा राहिला. "वयनी, ऊन उतरलं. घरी भात लावायचाय."

ती हलली नाही.

"राहू दे तिला," गोदा पोराला उचलत म्हणाली. "आता पांढऱ्या कपाळाची काय कामाची?" आणि ती सगळी गेली.

थोड्या वेळानं धोंडू पुढची माणसं घेऊन आला. "इथं खाली ते दोघं," तो म्हणाला, "आणि ही त्यातल्या एकाची बायको. आत्ताच कळलं तिला."

नीट दिसावं म्हणून मागची माणसं पुढं सरकली. राहीनं पदर तोंडावर ओढून घेतला, तरी माणसं हलेनात.