मास्तरांनी मडगार्ड काढलं

लेकीची मोटरसायकल पडली तेव्हा घरात मास्तर एकटेच होते. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिवणकामाचे. चाळीस वर्षं त्यांनी गावभरच्या लोकांची मापं घेतली, पण स्वतःच्या जिभेचं माप काही त्यांना घेता आलं नाही. आदल्या संध्याकाळीच जेवताना ते लेकीला म्हणाले होते, "ती गाडी एकदाची मोडली ना, तर सुटलो मी!" लेक अर्ध्या ताटावरून उठून गेली होती. आणि आज सकाळी, मशीनवर उजेड यावा म्हणून त्यांनी दारापुढची तीच गाडी जरा बाजूला ढकलली, तर तिचं स्टँड दुमडलं आणि ती दगडी पायरीवर तोंडावर आपटली.

धापा टाकत मास्तरांनी ती उभी केली. बाकी सगळं जागच्या जागी होतं. पुढचं पत्र्याचं मडगार्ड तेवढं दबून टायरला टेकलं होतं, आणि चाक तसूभर फिरेना.

लेकीची दुपारी दोनला चाचणी होती. गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेत तिला शिक्षिका म्हणून घेणार होते, आणि चाचणीला स्वतःची गाडी आणायची होती. मास्तरांना ती नोकरी पसंत नव्हती. दिवसभर रस्त्यावर, कुणी उडवलं तर काय, हे त्यांचं एकच पालुपद. आता 'चुकून पडली' म्हटलं तर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. बापानं मुद्दाम पाडली, असंच लेकीला वाटणार, आणि एकदा वाटलं की जन्मभर वाटत राहणार.

घड्याळात साडेदहा झाले होते. लेक कागदपत्रं द्यायला गेली होती, ती एकच्या सुमाराला येणार. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलवावं, तर तो लेकीचा दोस्त. त्याच्या पोटात काही राहायचं नाही. मास्तरांनी कोटाचं सुद्धा माप चुकवलं नव्हतं कधी, मग चार बोल्टांचं काय एवढं? असं मनाशी म्हणून त्यांनी मोबाइल खिडकीत उभा केला आणि एका दाढीवाल्याचा व्हिडिओ लावला.

दाढीवाला भलताच खुशीत होता. "एकदम सोपं काम आहे मित्रांनो," तो म्हणाला.

"तुझ्या बापाला सांग," मास्तर म्हणाले आणि गुडघ्यावर बसले.

मडगार्ड दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोल्टांवर होतं. डावीकडे त्या बोल्टांखालीच एक जाड पट्टी होती, ब्रेकची नळी धरून ठेवणारी. लेकीच्या हत्यारांच्या पिशवीतला दहाचा पाना लागला. तीन बोल्ट कुरकुरत का होईना, निघाले. चौथा गंजलेला. मास्तरांनी जोर लावला, पाना सटकला, बोटांची सालं निघाली. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा बोल्टाचे कोपरेच झिजू लागले. तिसऱ्यांदा लावला असता तर तो गुळगुळीत झाला असता आणि मग ब्रह्मदेवाच्या बापालाही निघाला नसता. हे मास्तरांना वेळेवर सुचलं, कारण कापड ओढून फाटतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शिवणयंत्राचं तेल आणून थेंब थेंब सोडलं आणि पंधरा मिनिटं नुसते बघत बसले. पंधरा मिनिटं नुसतं बसणं त्यांना अख्खा कोट शिवण्याहून जड गेलं. मग पाना लावला. बोल्ट हलला.

काढलेले बोल्ट त्यांनी बटणांच्या डब्यात टाकले. चाळीस वर्षांची सवय. चारींची डोकी सारखी, म्हणजे चारी एकाच माळेचे मणी. बटणाचा चेहरा बघायचा असतो, पाठ कोण बघतं?

नळी लोंबकळू नये म्हणून त्यांनी ती दुहेरी दोऱ्यानं हँडलला बांधली. मडगार्ड चाकाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांमधून अलगद खाली ओढून घेतलं, इस्त्रीच्या जड लाकडी ठोकळ्यावर पालथं घातलं आणि फडकं मध्ये धरून हातोडीनं हळूहळू ठोकलं. बारा वाजून गेले. पत्र्यावर एक सुरकुती राहिलीच, पण ती शिंप्याला दिसेल, गिऱ्हाइकाला नाही.

"लावताना सगळं उलट क्रमानं," दाढीवाला म्हणाला. तेवढं कळायला मास्तरांना दाढीवाला नको होता. त्यांनी व्हिडिओ थांबवला.

दोरा सोडून नळीची पट्टी जागेवर धरली, तर डावीकडचे दोन्ही बोल्ट लगेच बसले. उजवीकडचे मात्र शेवटी थोडे बाहेरच राहिले. आत जाईनात, आणि मडगार्ड खुळखुळू लागलं. बटण सैल बसलं तर त्याच्यामागं दुसरं छोटं बटण लावतात. मास्तरांनी डब्यातून चार चकत्या शोधल्या, बोल्टांमागं घातल्या आणि पुन्हा आवळलं. खुळखुळ थांबली. चाक फिरवलं, तर कुठंही न घासता गरगर फिरलं. मास्तर स्वतःवरच खूश झाले.

सव्वाला लेक आली. घाईत पाणी प्यायली, कपडे बदलले, गाडीकडे ओझरतं बघितलं.

"कुणी हलवली का गाडी?"

"उजेड येत नव्हता," मास्तर म्हणाले. हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

ती बाहेर गेली. मास्तर खिडकीतला मोबाइल उचलायला गेले, त्यांचं बोट पडद्यावर पडलं आणि दाढीवाला थांबला होता तिथून पुढं बोलू लागला.

"एक लक्षात ठेवा मित्रांनो, नळीच्या बाजूचे दोन बोल्ट लांब असतात. पट्टीची जाडी असते ना तिथं! आखूड बोल्ट लावलेत तर दोनच आटे धरतात. चालत्या गाडीत निसटतात, नळी चाकात जाते, आणि मग ब्रेक..."

पुढचं मास्तरांनी ऐकलं नाही. बाहेर गाडी सुरू झाली होती. ते अनवाणीच धावले. लेकीनं हेल्मेट घातलं होतं, तिला हाक ऐकू जाईना. मास्तर फाटकात दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले.

लेकीनं गाडी बंद केली. काच वर केली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"वाटलंच होतं मला. शेवटच्या क्षणी तुम्ही आडवे येणार! बाजूला व्हा बाबा."

"मारायचं तर मार मला. पण जाऊ नकोस. बोल्ट चुकीचे लागलेत. मी लावलेत."

मग सगळंच बाहेर पडलं. पायरी, हातोडी, बटणांचा डबा, सगळं. लेक खाली बसली. डावीकडच्या बोल्टाला तिनं नुसती बोटं लावली. तो दोन फेऱ्यांत तळहातावर आला.

तिनं तो बोल्ट बापापुढं धरला.

"खरं सांगा. मुद्दाम पाडलीत?"

"नाही गं." मास्तर थांबले. इथंच गप्प बसले असते तरी चाललं असतं. "चुकून पडली. पण पडल्यावर... क्षणभर बरं वाटलं मला. एक क्षण. मग तुझं तोंड आठवलं आणि स्वतःचीच शरम वाटली."

लेकीनं घड्याळ बघितलं. दीड वाजून गेला होता. तिथं पोचायला वीस मिनिटं लागत. ती उठली, पिशवीतून पाना काढला आणि बापाच्या हातात ठेवला.

"तुम्हीच लावा."

"अगं, मी एकदा चुकलोय. तू लाव, तुला येतं."

"येतं मला. तुम्ही लावा."

मास्तर मातीतच बसले. उरलेले तीन बोल्ट काढले, चारींची लांबी नखानं मोजली. लांब डावीकडे, पट्टीवरून. आखूड उजवीकडे. चकत्या खिशात. या वेळी प्रत्येक बोल्ट शेवटपर्यंत आत गेला आणि जागेवर घट्ट बसला. लेक हँडल धरून उभी होती.

"झाले घट्ट?" तिनं विचारलं.

मास्तरांनी पुन्हा एकदा चारींवरून पाना फिरवला. "झाले."

तिनं काच खाली ओढली आणि निघाली. एकाही बोल्टाला तिनं हात लावून पाहिलं नाही.