कोनाड्यातलं गवत

माझी बायको हिसानो सप्टेंबरात गेली. त्याआधी काही दिवस तिने बैठकीच्या कोनाड्यात गवताचं चित्र टांगलं होतं. गुंडाळून ठेवायचं, लांबट, रेशमी किनारीचं. वाऱ्याने वाकलेलं गवत आणि बुडाशी दोन निळी फुलं. शरदातलं गवत म्हणजे निरोप, असं आमच्याकडे मानतात. तिने ते मुद्दाम निवडलं नव्हतं. दरवर्षी त्या दिवसांत ती तेच लावायची.

मी ते काढलं नाही. मी कौलं बसवणारा माणूस, ऋतूप्रमाणे कोनाड्यातलं चित्र बदलणं, सगळं तीच बघायची. नव्या वर्षाला पाइनचं चित्र लागतं, दीर्घायुष्याचं. पण माणूस गेलेल्या घरात सण करत नाहीत, म्हणून कोणी काही बोललं नाही.

फेब्रुवारीत तिची थोरली बहीण तोकिए आली. उदबत्ती लावून हात जोडले, मग कोनाड्याकडे बघत राहिली.

"भावोजी, बाहेर उमेच्या झाडाला कळ्या आल्यात आणि तुमच्याकडे अजून शरदच. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला महिने कळेनासे झाले."

"लोक येतात कुठे ताई?"

"मग मी कोण? मांजर?"

उमेचं चित्र लावा म्हणाली. उमे बर्फातही सगळ्यांच्या आधी फुलतो, म्हणून तो धीराचा. शिवाय ते चित्र आत्ताच लावायला हवं, अंगणातलं झाड फुललं की त्याची गरज राहत नाही. मी नको म्हटलं. गवत हिसानोच्या हातांनी टांगलेलं होतं. एकदा काढलं की तिने लावलेलं असं घरात काही उरणार नव्हतं.

तोकिए चिडली नाही. तिने मला जवळ बोलावलं. चित्राच्या कडा आत वळल्या होत्या. थंडीभर पेटलेल्या स्टोव्हच्या धगीने किनार सुटत आली होती, निळ्या फुलांवर बारीक चीर गेली होती. चित्राला गुंडाळून विसावा द्यावा लागतो, एवढं मलाही ठाऊक होतं.

"तिचा हात राखायला तिचंच चित्र मारताय तुम्ही," ती हळूच म्हणाली.

मी ते उतरवलं. तोकिएने वरची काठी धरली, मी खालून गुंडाळत गेलो. घट्ट नको, ती सांगत होती. आधी फुलं गेली, मग गवत. उमेचं मात्र मी लावू दिलं नाही, आणि तिनेही आग्रह धरला नाही.

तोकिए गेल्यावर मी रिकाम्या भिंतीसमोर जेवलो. सप्टेंबरात ते चित्र मलाच टांगायचंय. तिरकं लागलं, तर मागे उभं राहून सांगायला कोणी नसेल.