खुंटीवरचं जाकीट

संडासाच्या दाराला त्याने आतून कडी घातली आणि श्वास रोखून उभा राहिला. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फिनाईलची बाटली. बाहेर कोणीतरी खाकरलं होतं, आणि ते खाकरणं त्याने जगाच्या पाठीवर कुठेही ओळखलं असतं. आधी एक आखूड, मग एक लांब, आणि त्यानंतर हमखास एखादा प्रश्न. लग्न झाल्यापासून या खाकरण्यामागून आलेल्या एकाही प्रश्नाला त्याला धड उत्तर देता आलेलं नव्हतं.

ते त्याचे सासरे होते. शेवटच्या गाडीरस्त्यापासून अख्खा दिवस चढल्याशिवाय जिथे माणूस पोचत नाही, अशा या राखीव रानातल्या एकुलत्या एका संडासाच्या दाराशी ते उभे होते.

"आत कोण आहे?"

त्याने आवाज घोगरा केला. "साफसफाई चालू आहे. वेळ लागेल."

"लागू दे. कोपरे नीट घासा. लोक नुसतं मधलंच घासतात."

"हो."

"आणि पाणी बेताने वापरा."

दार खालून वीतभर आखूड होतं, हवा खेळावी म्हणून. त्या फटीतून त्याला बुटांच्या तीन जोड्या लाकडी घराच्या ओट्याकडे जाताना दिसल्या. म्हणजे सासरे एकटे नव्हते, साक्षीदार घेऊन आले होते.

सासऱ्यांची सगळी नोकरी वजनमापं निरीक्षक म्हणून गेली होती. ते बाजारात शिरले की दुकानदार घाईघाईने काटे पुसायला घेत. कुठल्याही दुकानात त्यांनी कधी घोटभर चहा घेतला नाही, आणि कुणाचा काटा केसभर खोटा निघाला तर सख्ख्या मावसभावालाही सोडलं नाही. जावई मात्र त्यांच्या काट्यावर कधी पुरता उतरला नव्हता. बेकरी झाली, छापखाना झाला, चष्म्याचं दुकान झालं. कुठे याचं पटलं नाही, कुठे मालकाचं. दर भेटीत सासरे खाकरत आणि दोनच शब्द विचारत, "सध्या काय?"

यंदा वसंतात त्याला या रानात हंगामी मदतनिसाची नोकरी लागली, आणि बायकोने त्याच दिवशी वडिलांना फोनवर सांगून टाकलं की हे आता उद्यानात साहेब आहेत. फोन ठेवून ती त्याला म्हणाली, "तोंडातून निघून गेलं. आता तू निभाव."

साहेबाचं काम असं होतं: वाटेवर पडलेली झाडं करवतीने कापायची, झऱ्यावरून पाणी आणायचं, पायऱ्यांचे निसटलेले दगड बसवायचे आणि संडासाचं पिंप ओढून काढून बदलायचं. गंमत म्हणजे त्याला हे काम आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो सकाळी कुणी न उठवता उठत होता. हंगाम आता संपत आला होता, आणि पुढच्या वर्षी बोलावणं येईल की नाही हे एकट्या रेंजरबाईंच्या हातात होतं. रेंजरबाई त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या. त्या मुळात कशाबद्दलच फारसं बोलत नसत. कालपासून त्या पलीकडच्या खोऱ्यात गस्तीला गेल्या होत्या, आणि उद्या संध्याकाळपर्यंत यायच्या नव्हत्या.

संडासाला मागून एक झडप होती, पिंप काढण्यासाठी. पिंप निघतं तर माणूसही निघेल, असा हिशेब करून तो त्या झडपेत शिरला. खांदे निघाले, पोट अडकलं. सासूबाईंच्या हातच्या जेवणाची त्याला त्या क्षणी फार तीव्र आठवण झाली. शेवटी कसाबसा बाहेर पडून, झुडपांआडून तो घराच्या मागच्या दाराने आत आला, हात कोपरापर्यंत धुतले, आणि खुंटीकडे पाहिलं. रेंजरबाई गस्तीला जुनं स्वेटर घालून जात. पितळी बिल्ला लावलेलं त्यांचं चांगलं जाकीट खुंटीवरच असायचं. बाई उंच होत्या, पण अंगाने किरकोळ. जाकीट चढवताना काखेत काहीतरी टर्रकन वाजलं. तिकडे लक्ष न देता तो टेबलामागच्या खुर्चीत बसला आणि हाक मारली, "या. कोण आहे?"

सासरे दारात आले. त्यांनी जावयाकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं, बिल्ल्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग मागे वळून दोन्ही मित्रांना म्हणाले, "हे आमचे जावई. इथले साहेब."

मित्रांपैकी एक दंतवैद्य होते, दुसरे विमा विकायचे. दोघांनीही आदराने हात जोडले. तो इतका गडबडला की त्याने उभं राहून त्यांनाच नमस्कार केला. सासरे खाकरले. 'सध्या काय' येणार असं त्याला वाटलं, पण सासरे म्हणाले, "साहेब, वर तळ्यावर एक रात्र राहायचं म्हणतोय. काय नियम असतील ते सांगा."

नियम एकच होता. घरापलीकडे सगळा खडक. पुरलेलं काही कुजत नाही, आणि तळ्याचंच पाणी खाली सगळी वस्ती पिते. म्हणून वर जाणाऱ्या प्रत्येकाला एक जाड पिशवी मिळे, आणि सकाळचा जो काही ऐवज असेल तो तिच्यात घालून, उतरताना या घरातल्या पिंपात टाकावा लागे. पिशवी नाही तर परत वर जाऊन आणायची. मागे एक बडे गृहस्थ रेंजरबाईंना म्हणाले होते की मी वरपर्यंत फोन लावतो. बाईंनी त्यांनाही परत पाठवलं. इथे फोन लागत नाही हे त्यांना तळ्यापाशी गेल्यावर कळलं.

त्याने हे सगळं साहेबाच्या आवाजात सांगितलं. आवाज त्याला स्वतःलाही बरा वाटला. विमावाल्यांनी पिशवी दोन बोटांत धरून लांब केली, तेव्हा सासरेच त्यांना म्हणाले, "लाजायचं काय त्यात? नियम म्हणजे नियम." आणि आपली पिशवी त्यांनी घडी करून छातीवरच्या खिशात ठेवली, पूर्वी शिक्का ठेवत तशी.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर तिघे उतरले. तो जाकीट घालून खुर्चीत तयार होता. एवढी दहा मिनिटं निभावली की सुटलो, असं मनाशी म्हणत त्याने हात लांब करून टेबलाशेजारच्या पिंपाचं झाकण उघडलं. दंतवैद्यांनी मान वळवून पिशवी टाकली. विमावाल्यांनी डोळे मिटून टाकली. सासरे दाराकडे निघाले.

"बाबा, पिशवी?"

"मला गरज पडली नाही," सासरे म्हणाले. "हवापालट. पोट धरलंय कालपासून."

विमावाले छताची लाकडं पाहू लागले. दंतवैद्यांना एकदम बुटाची नाडी सोडून बांधावीशी वाटली. आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या दाराची कडी वाजली आणि रेंजरबाई, संध्याकाळची वाट न बघता, आत आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगात उसवलेलं स्वेटर. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबल्या. त्यांनी आपली खुर्ची पाहिली, तीत बसलेला आपला मदतनीस पाहिला, त्याच्या अंगातलं आपलं जाकीट पाहिलं, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

सासऱ्यांना हसून निरोप दिला असता तर मिनिटभरात सगळे गेले असते. मग बाईंचे पाय धरता आले असते. पण ज्या एका नियमासाठी बाई कुणाचं ऐकत नाहीत, तो त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच खुर्चीत बसून मोडायचा, आणि वर पुढच्या हंगामाची आशा धरायची, हे त्यालाही जमेना. शिवाय सासऱ्यांचं पोट. लग्नानंतरचे काही महिने तो त्यांच्या घरी राहिला होता. पहाट झाली की त्या घरात सगळे भिंतीला चिकटून वाट मोकळी करून देत.

"बाबा," तो म्हणाला. आवाज साहेबाचा निघाला नाही, त्याचाच निघाला. "तुमच्या पोटावर शेजारी घड्याळ लावतात."

सासऱ्यांनी छातीवरचा खिसा चाचपला.

"परत जावं लागेल. मी येतो बरोबर." मग उंबऱ्याकडे न बघता त्याने विचारलं, "इथे जरा... बघाल का?"

"जा तुम्ही," रेंजरबाई म्हणाल्या. "मी आहे."

चढावर तो मनातल्या मनात बायकोला काय सांगायचं ते जुळवत होता. एकाच सकाळी नोकरी आणि सासर दोन्ही घालवलं, हे कुठल्याही शब्दांत चांगलं वाटत नव्हतं. तळ्याच्या अलीकडे सासरे थांबले आणि काठीने एक चपटा दगड दाखवला. कोरी पिशवी त्यांनी खिशातून काढली. घडी तशीच होती.

"हातात धरून चालवेना हो," ते म्हणाले. "या दोघांच्या देखत."

तो बरोबर आणलेलं लहान खुरपं घेऊन खाली बसला.

"उठा तुम्ही," सासरे म्हणाले. "माझं मी करतो."

"मी करतो ना, बाबा. मला सवय आहे."

"माहीत आहे. काल बघितलं."

सासऱ्यांनी गुडघे टेकण्यासाठी पँट वर ओढली, आणि त्यांच्या बुटांतून मोहरीच्या रंगाचे मोजे वर आले. सासूबाईंनी गेल्या वर्षी दोघांसाठी एकाच लोकरीचे विणले होते. तो रंग दुकानात मिळत नाही, आणि मिळाला तर कोणी घेणार नाही. त्याने स्वतःच्या पायांतल्या मोज्यांकडे पाहिलं.

"दार खालून आखूड आहे," सासरे म्हणाले.

"मग काल सगळ्यांसमोर साहेब का म्हणालात?"

सासऱ्यांनी खुरपं त्याच्या हातातून काढून घेतलं. "त्यांना आधीच सांगून बसलो होतो. रोज फिरायला जाताना सांगायचो. जरा फारच सांगितलं." त्यांनी दगड बाजूला केला. "याआधी कधी सांगण्यासारखं मिळालं नव्हतं ना."

त्याने पिशवीचं तोंड उघडून धरलं. काम झालं. सासऱ्यांनी पिशवीला गाठ मारली, ओढून पाहिली, मग दुसरी मारली.

"मला वाटलं होतं, सोडाल तुम्ही मला," ते म्हणाले.

"सोडलं असतं तर?"

"तर खाली जाईपर्यंत या दोघांना सांगितलं असतं, जावई फार चांगला. आणि मनात म्हटलं असतं, काटा खोटा आहे." ते काठी टेकून उठले. "चला. आणि ते जाकीट काढा वाटेत. घाम येतोय तुम्हाला, आणि काखेत उसवलंय."

त्याने जाकीट काढलं नाही. विमावाल्यांसमोर तेवढं राहू दे, असं त्याने म्हटलं, आणि सासरे बरं म्हणाले. पिशवी मात्र त्यांनी त्याच्या हातात दिली नाही.

ते उतरले तेव्हा ओट्यावर दंतवैद्य आणि विमावाले चहा पीत होते. रेंजरबाई किटली घेऊन उभ्या होत्या. दोन तास या दोघांच्या तावडीत सापडल्यावर त्यांना काय काय कळलं असेल याचा त्याला अंदाज होता. जाकिटाची बटणं काढायला त्याने हात वर नेला.

बाईंनी किटली खाली ठेवली. "आलात साहेब?" त्या म्हणाल्या. "द्या, मी टाकते पिंपात."

त्याचा हात बटणावरच राहिला. सासऱ्यांनी रेंजरबाईंकडे पाहिलं. त्यांचे झिजलेले बूट, त्यांचे लांब हात, मग जावयाच्या मनगटावरून पुढे आलेल्या बाह्या. सगळा जन्म त्यांनी कुठल्या दुकानात कोण खरा मालक आहे हे दारातून ओळखण्यात घालवला होता. त्यांनी पिशवी बाईंना दिली नाही. स्वतः पिंपापाशी जाऊन टाकली, झाकण लावलं, आणि परत आले.

"तुमचे साहेब फार कडक आहेत, बाई."

"काय सांगू," रेंजरबाई म्हणाल्या. "आम्हालाही जाच आहे."

सासरे खाकरले. आधी एक आखूड, मग एक लांब. "पुढच्या हंगामाला असतील ना इथेच? परत यावं म्हणतोय आम्ही."

"ते वरून ठरतं," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या कपात चहा ओतला.

सासऱ्यांनी कपाकडे पाहिलं. नोकरीत त्यांनी पाळलेल्या सगळ्या नेमांची त्याला आठवण झाली. सासऱ्यांनी कप उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत चहा संपवला.

तिघे उतरणीला लागले. विमावाले वळणावर म्हणत होते की असा जावई मिळायला नशीब लागतं, आणि सासरे त्यावर काय म्हणाले ते वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही. ते दिसेनासे झाल्यावर रेंजरबाईंनी हात पुढे केला. त्याने जाकीट काढून दिलं. त्यांनी ते हुंगलं, काखेतली शिवण उलटून पाहिली, आणि आत जाऊन खुंटीला लावलं.

"मॅडम, मी सगळं सांगतो..."

"त्या दोघांनी सांगितलंय सगळं. दोनदा." त्या बुटांचा चिखल काढायला पायरीवर बसल्या. "संडास कालपासून अर्धाच घासलेला आहे."

"हो. आता करतो."

त्याने बादली उचलली, ब्रश घेतला. तो अंगणाच्या मध्यावर पोचला तेव्हा मागून बाईंचा आवाज आला, नेहमीसारखाच, बुटावरची नजर न काढता.

"पुढच्या वर्षी येताना स्वतःचं जाकीट आणा."

तो थांबला. मागे वळून बघावं असं फार वाटलं, पण वळला असता तर चेहऱ्याचं काय झालंय ते बाईंना दिसलं असतं. तो तसाच पुढे गेला, आत शिरला, कडी घातली, आणि कोपऱ्यापासून घासायला सुरुवात केली.